सरावाचा गोळा खऱ्यापेक्षा अवघड का?

पॅटर्नवाला, शिरोली

राम राम मंडळी. विषय जरा वेगळा आहे. पण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फौंड्रीवाले (लोखंड ओतणारे), माजी सैनिक आणि नेमबाज घरटी एक सापडतात, म्हणून इथंच मांडतो.

मागच्या महिन्यात आमच्या यार्डात भंगाराची गाडी उतरली. सॉर्टिंगवरचा पोरगा पळत ऑफिसात आला. "दादा, ढिगात बॉम्बसारखं कायतरी हाय. पण निळं हाय, रिकामं असंल." जाऊन बघितलं. हातभर लांब, ओतीव लोखंडाचं थेंबासारखं अंग, मागं पत्र्याची चेपलेली शेपटी. निळ्या रंगाचे पोपडे निघालेले. नाकाशी गोल भोक, आणि भोकाच्या आत पितळेची कड चमकत होती. त्या पितळेनंच मला थांबवलं. भट्टी बंद केली, माणसं गेटबाहेर काढली, पोलिसांना फोन लावला. बॉम्बशोधक पथकानं येऊन सांगितलं: विमानातून टाकायचा सरावाचा बॉम्ब आहे, आतलं धुराचं काडतूस अजून फुटलेलं नाही. माल देणाऱ्यानं सगळं तपासून दिल्याचं लिहून दिलं होतं. इंडक्शन भट्टीत दोन्ही टोकांनी बंद असलेला साधा पाइप गेला तरी कसा स्फोट होतो, हे इथल्या फौंड्रीवाल्यांना सांगायला नको.

त्या रात्री डोळा लागला नाही. भीती होतीच, पण डोक्यात ते कास्टिंग घोळत होतं. मी २६ वर्षं पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) आणि कोअर (ओतताना आत पोकळी राखणारा वाळूचा गाभा) यांची कामं करतोय. त्या लोखंडाचं भोक नाकापासून शेपटीपर्यंत आरपार होतं, अगदी मध्यावर, आणि वजन सगळं पुढच्या अंगाला. कुणीतरी जीव लावून काढलेलं ड्रॉइंग होतं ते. फेकून द्यायच्या वस्तूवर एवढी मेहनत कशासाठी, असं वाटलं आणि वाचत सुटलो.

अमेरिकन बनावटीचा असा बॉम्ब २५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ११ किलोचा असतो. त्यानं ज्याची नक्कल करायची तो खरा बॉम्ब ५०० पौंडांचा. वैमानिकानं २५ पौंडांचा टाकला तरी तो ५०० पौंडांचा जिथं पडला असता तिथंच पडायला हवा, नाहीतर सराव चुकीचा होणार. आता गंमत बघा. कुठल्याही वस्तूची लांबी, रुंदी, उंची निम्मी केली की वजन एक अष्टमांशावर येतं, पण वाऱ्याला भिडणारं तोंड एक चतुर्थांशच होतं. म्हणजे छोट्या वस्तूला वारा दुपटीनं अडवतो. मग छोटा बॉम्ब मागं पडणार. यावर तोड अशी काढली की खऱ्या बॉम्बच्या पोटात हलकी स्फोटकं असतात, तर याचं अंग भरीव लोखंडाचं करायचं आणि आकार असा घासूनपुसून घ्यायचा की वारा निसटून जाईल. आतलं आरपार भोक धुरासाठी. नाक जमिनीवर आपटलं की काडतूस उडतं आणि शेपटीतून पांढरा धूर बाहेर पडतो, म्हणजे वरून दिसतं कुठं पडलं ते.

याहून मला भावला तो टँकचा सरावाचा गोळा. टँक फोडणारा आजचा गोळा म्हणजे टंगस्टनसारख्या जड धातूचा लांब बाण, शेपटीला पंख. तोफेची नळी १२० मिमी आणि बाण त्यामानानं बोटाएवढा, म्हणून त्याला भोवतीनं हलक्या धातूची जोडपट्टी बसवतात. नळीबाहेर पडताच ती पट्टी वाऱ्यानं फाकून गळून जाते आणि बाण एकटा पुढं जातो. या गळून पडणाऱ्या पट्टीला सॅबो म्हणतात. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी १९४४ साली ६ पौंडी तोफेसाठी वापरात आणली. तेव्हाचे गोळे पंखांचे नव्हते, फिरत जाणारे होते. आजचा पंखांचा बाण सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगानं सुटतो. नेम चुकला किंवा दगडावरून उडी मारून वर गेला तर किती तरी मैल जाईल. अहिल्यानगरजवळच्या खारे कर्जुने रेंजचा विचार करा. भोवती गावं, ज्वारीची रानं, मेंढरं. तिथं हा बाण मोकळा सोडता येईल का?

तर सरावाच्या बाणाला पंखांऐवजी मागं एक शंकू लावला, बॅडमिंटनच्या फुलासारखा. त्या शंकूला भोकं पाडली. वेग भरपूर असतो तोवर वारा त्या भोकांतून आरपार जातो, अडथळा बेताचाच राहतो, आणि पहिले दोनतीन किलोमीटर हा बाण खऱ्यासारखाच उडतो. नेमबाजाला हवे असतात तेवढेच ते किलोमीटर. पुढं वेग उतरला की भोकांतून वारा निघेनासा होतो, तुंबतो. मग तोच शंकू छत्री उघडल्यासारखा बाणाला मागं ओढतो आणि तो लवकर खाली येतो. त्यात ना स्प्रिंग, ना घड्याळ, ना एकही हलता भाग. फक्त भोकांचा आकार आणि कोन.

खऱ्या गोळ्याला एकच गोष्ट साधायची असते. सरावाच्या गोळ्याला आधी हुबेहूब त्याच्यासारखं वागायचं असतं आणि मग नेमक्या वेळी त्याच्यासारखं वागायचं सोडायचं असतं. म्हणून माझं म्हणणं आहे की हा जास्त अवघड शोध आहे. जाणकारांनी बोलावं.

माजी गनर, सैनिक टाकळी

पॅटर्नवाले दादा, पहिलं म्हंजे पोराला आणि तुम्हांला शाबासकी. हात न लावता फोन केला, हेच खरं शिक्षण. निळा रंग म्हंजे सरावाचा, रिकामा न्हवं. बऱ्याच देशांत सरावाच्या मालाला निळा रंग देत्यात आणि खऱ्या स्फोटक गोळ्यावर पिवळी खूण असती. निळ्यात धुराची, उजेडाची दारू असू शकती. तीबी हात तोडती.

मी तोफखान्यात होतो, देवळालीला शिकलो. आमची पहिली ओळख ड्रिल राउंडशी. त्यात काय बी नसतंय, ना दारू ना फ्यूज (गोळा फोडणारी कळ), पण वजन खऱ्याएवढं. १५५ मिमीचा गोळा साधारण ४३ किलोचा. बाहेरच्याला वाटतं, डमी हाय तर हलका करा की, पोरांची पाठ वाचंल. आमचे उस्ताद म्हणायचे, हलक्या गोळ्यावर शिकलेला हात लढाईत गोळा पाडतो. तवा तुमचं म्हणणं मला एकदम पटलं. नक्कल वजनात हुकली तर माणूस चुकीचं शिकतो, आणि चुकीचं शिकलेलं काढायला दुप्पट दिवस लागत्यात.

अजून एक. काही फौजांत तोफेच्या सरावासाठी १४.५ मिमीची छोटी नळी वापरत्यात, आणि मैदान बी एक दशांश मापाचं. खरी तोफ १० किलोमीटर मारती तिथं ही १ किलोमीटर. पण ओपीवाल्याचं, म्हंजे मारा कुठं पडतो ते बघणाऱ्याचं, काम तेच, दुर्बिणीतून धूर बघायचा आणि सुधारणा सांगायची. खर्च वाचतो आणि दिवसभर फायर करता येतं.

गडवाट, पन्हाळा

धागा वाचून आनंद झाला. पोकळ गोळा ही गोष्ट आपल्या पन्हाळ्यालाही ओळखीची आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं वेढा घातला तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफ आणि दारू भरलेले पोकळ गोळे घेऊन इथं आला आणि गडावर मारा केला. महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार खणून काढली. आपल्या जुन्या कागदांत अशा गोळ्याला 'कुलपी गोळा' म्हणतात. किती नेमका शब्द आहे! आत काहीतरी कोंडलंय आणि ते ठरल्या वेळी उघडायचंय.

ठरल्या वेळी उघडणं हीच पुढची दोनशे वर्षं डोकेदुखी होती. हेन्री श्रॅपनेल या ब्रिटिश तोफखान्याच्या अधिकाऱ्यानं १७८४ च्या सुमारास पोकळ गोळ्यात बंदुकीच्या गोळ्या आणि थोडी दारू भरली. गोळा शत्रूच्या अलीकडं हवेतच फुटायचा आणि आतल्या गोळ्या मूळच्याच वेगानं पुढं जायच्या. दारू फक्त कवच उकलण्यापुरती. ब्रिटिश सैन्यानं तो १८०३ मध्ये स्वीकारला. पण आतल्या गोळ्या दारूवर घासून कधी कधी नळीतच फुटायचा. १८५० च्या दशकात बॉक्सर नावाच्या अधिकाऱ्यानं मध्ये एक लोखंडी पडदा घालून दारू आणि गोळ्या वेगळ्या केल्या, तेव्हा तो भरवशाचा झाला. आज आपण कुठल्याही बॉम्बच्या तुकड्याला श्रॅपनेल म्हणतो, ते मूळ अर्थानं बरोबर नाही.

पॅटर्नवाला, शिरोली

गडवाट, त्या पडद्यानं माझ्या अंगावर काटा आला. सत्तर वर्षं एका दोषावर माणसं झुरली आणि उपाय निघाला एक पातळ पत्रा.

पोकळ गोळा ओतायचा म्हणजे कोअर आलाच. वाळूचा गोल कोअर साच्यात टांगायचा, आणि लोखंड आत शिरताना त्याला वर उचलायला बघतं. जरा सरकला की एका बाजूची भिंत जाड, दुसऱ्या बाजूची पातळ. आमच्याकडं पंपाच्या बॉडीत असं झालं तर पीस रिजेक्ट होतो, एवढंच. तोफेच्या गोळ्यात असं झालं तर वजन एका अंगाला जातं आणि गोळा भलतीकडं. जुन्या कारागिरांनी काय सहन केलं असेल ते कोअर बसवणाऱ्यालाच कळेल. आता मोठ्या तोफांचे गोळे बहुतेक पोलादाचे, फोर्ज करून मग लेथवर घेतात.

दुधाळीची नेमबाज

काका, मी .२२ रायफल चालवते. तुमचा भोकांचा शंकू वाचला आणि आमच्या गोळीचं कोडं आठवलं.

आमची गोळी शिशाची, ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम. स्पर्धेचं काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोडं हळू ठेवतात. जास्त वेगाचं करता येत नाही म्हणून नव्हे. गोळी आवाजाच्या वेगाहून जास्त वेगानं निघाली तर ५० मीटरच्या वाटेतच तो वेग उतरून ती सीमा ओलांडते, आणि ओलांडताना वाऱ्याचा दाब बदलून गोळी डगमगते. दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं आहे, तिथं डगमग परवडत नाही. म्हणून सीमेच्या खालीच राहायचं. तुमच्या शंकूत वारा तुंबतो तोही वेग उतरत येताना. वेग उतरताना वाऱ्याचं वागणं बदलतं ते आम्ही टाळतो, आणि शंकू काढणाऱ्यानं तसल्याच बदलाचा उपयोग करून घेतला!

आणि 'सरावाचं काडतूस' आमच्याकडं वेगळ्या अर्थानं चालतं. सरावाचं स्वस्त, स्पर्धेचं महाग. पण त्याहून महत्त्वाचा असतो लॉट, म्हणजे एका खेपेला बनलेला माल. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे बसतात. म्हणून मोठे नेमबाज नळी शिकंज्यात घट्ट धरून लॉट तपासतात आणि जो जुळेल तो साठवून ठेवतात. तेजस्विनीताई सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं, ते दोन्ही ५० मीटर रायफलमध्येच. आमच्या रेंजवर नवीन पोरं येतात ती आधी महिनोन्‌महिने रिकामी रायफल चालवतात, ड्राय फायर. ट्रिगर, श्वास, नजर, सगळं तेच. फक्त गोळी नाही. तोही सरावाचा गोळाच म्हणायचा.

शिक्षक, गारगोटी

मी या विषयातला नाही. वाचताना एक गोष्ट बोचली ती प्रामाणिकपणे सांगतो. ही सगळी माणसं मारायची साधनं. त्यातल्या कारागिरीचं इतकं कौतुक करावं का?

पॅटर्नवाला, शिरोली

सर, प्रश्न योग्य आहे आणि मलाही पडला होता. श्रॅपनेलच्या गोळ्यानं किती माणसं मेली ते आठवलं की कौतुकाचा शब्द घशात अडकतो. म्हणूनच मी धाग्याला सरावाच्या गोळ्याचं नाव दिलं. त्या शंकूची भोकं कुणाला मारण्यासाठी नाहीत. रेंजच्या कडेला मेंढरं राखणारा पोरगा संध्याकाळी घरी जावा म्हणून आहेत.

शोधाला लगाम घालता येतो, हेही याच इतिहासात आहे. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात शरीरात गेल्यावर फाकणारी गोळी निघाली, टोकावर कवच न घालता आतलं शिसं उघडं ठेवलेली. जखम इतकी भयंकर व्हायची की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळीवर बंदी आली. त्या गावाचं नाव आजही त्या गोळीला चिकटून आहे.

गडवाट, पन्हाळा

फाकणाऱ्या गोळीवरून आठवलं. गोळीचं बूड फाकवणं हा मात्र वेगळा आणि फार मोठा शोध. जुन्या रायफलीत आटे (गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचा) असायचे, पण गोळी तोंडाकडून भरायची. आट्यांत घट्ट बसेल एवढी गोळी केली तर ठोकून ठोकून आत घालायला वेळ जायचा. सैल केली तर आटे फुकट. १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिएची गोळी आली. सैल, लांबट आणि बुडाशी पोकळ. बार उडाला की दाबानं बूड फुगून आट्यांत रुतायचं. त्याच्याही आधी जॉन नॉर्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं असाच आकार काढला होता, आणि त्याला ते सुचलं दक्षिण हिंदुस्थानातल्या फुंकनळीच्या बाणावरून. त्या बाणाच्या बुडाला मऊ भेंड लावलेलं असतं, फुंकर मारली की ते फुगून नळी बंद करतं. रानातल्या माणसाची युक्ती युरोपच्या बंदुकीत गेली.

याच घराण्यातली गोळी पुढं एन्फिल्ड रायफलीत आली. गोळीभोवती कागद आणि कागदाला चरबीचं वंगण, कारण आट्यांत काजळी साचली की ती सरकत नसे. त्या वंगणानं १८५७ ला काय केलं ते शाळेत सगळे शिकतात. पण ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ वी मुंबई नेटिव्ह इन्फंट्री उठली, हे आपल्याच गावातल्या पोरांना ठाऊक नसतं. कारणं अनेक होती, एकट्या काडतुसावर ढकलता येत नाही. तरीही गोळीच्या आकारातला एक बदल कुठून कुठं पोचला बघा.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कसबा बावडा

काका, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी हा शंकू लाकडात किंवा थ्रीडी प्रिंटवर करून कॉलेजच्या विंड टनेलमध्ये (वारा सोडून मॉडेल तपासायच्या बोगद्यात) बघायचा विचार आहे. फक्त वाऱ्याचा अभ्यास. पंख आणि शंकू यांची तुलना जमेल का? आणि न फुटलेल्या सरावाच्या मालाचा धोका कमी करायला काही नवीन निघालंय का?

माजी गनर, सैनिक टाकळी

बाळा, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. आमच्या काळात फायरिंग संपलं की सगळ्यात जड काम म्हंजे न फुटलेल्या गोळ्याची जागा हुडकणं. आम्ही त्याला ब्लाइंड म्हणायचो. झेंडी लावायची, तज्ज्ञ येऊन जाग्यावर उडवायचे. तरी एखादा मातीत घुसून राहतो, पावसाळ्यात वर येतो आणि भंगार गोळा करणाऱ्याच्या हाती लागतो. ह्या दादांच्या यार्डात आलं ते असंच कुठून तरी आलं असणार.

आता ४० मिमीच्या लाँचरचा (ग्रेनेड फेकणाऱ्या बंदुकीचा) सरावाचा राउंड बग. पुढं पोकळ प्लास्टिकची टोपी, आत नारंगी भुकटी. आपटलं की टोपी फुटते, नारंगी ढग उडतो, संपलं. टोपी न्हाई फुटली तरी आत भुकटीच. रात्रीसाठी असे निघालेत की त्यात दोन रसायनं मिसळून उजेड पडतो, जत्रेत पोरं मोडून लावतात त्या चमकत्या कांडीसारखा. स्फोटक न्हाई, आग न्हाई, वाळल्या गवताला वणवा लागत न्हाई. मला ह्यो सगळ्यात मोठा शोध वाटतो, कारण माझ्या डोळ्यासमोर झेंड्या लावताना माणसं घामानं भिजलेली हायत.

पॅटर्नवाला, शिरोली

गनरसाहेब, तुमचा प्रतिसाद छापून यार्डाच्या भिंतीवर लावणार आहे. गेल्या आठवड्यात आम्ही नियम केलाय: बंद पोकळी, पितळेची कड, शेपटी किंवा निळा रंग, यातलं काहीही दिसलं की हात लावायचा नाही, गाडी उतरवणं थांबवायचं आणि फोन. माल देणाऱ्याचा कागद कितीही चांगला असो.

बाळ, तुझ्या टनेलमध्ये वारा आवाजाच्या वेगाच्या आसपासही जात नसणार, त्यामुळं भोकांतलं तुंबणं तुला दिसणार नाही. ते आधीच लिहून ठेव, नाहीतर परीक्षक तिथंच धरतील. पण शेपटीला पंख आणि शेपटीला शंकू, दोन्ही मॉडेल मध्यावर टाचणीवर टांगून वाऱ्यात तिरकं सोडलंस तर कुठलं लवकर सरळ होतं ते नक्की दिसेल. नाक जड ठेवायचं, शिशाची गोळी बसवून. प्रिंटपेक्षा सागवानात केलेलं जास्त गुळगुळीत येईल. शंकूची भोकं मात्र ड्रिलनं पाडायची नाहीत, फाटतील. तापल्या तारेनं पाडू. रविवारी सकाळी शॉपवर ये. ड्रॉइंग आण, आणि दोन्ही मॉडेलचं वजन सारखं काढून आण.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कसबा बावडा

येतो काका. वजन नाकासकट धरू की शेपटी वेगळी?

पॅटर्नवाला, शिरोली

नाकासकट. आणि तोल कुठं येतो तो बिंदू दोन्हींवर पेन्सिलीनं मारून आण.